उभा काटा

या घरात सून म्हणून आल्यावर सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये मी पहिला प्रश्न विचारला, तोच नेमका विचारायचा नव्हता. ऑफिसच्या भिंतीवर एका जुन्या स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड टांगलेला होता आणि त्यातले दोन डायल चक्क वाकडे बसवलेले होते. आकडे कलंडलेले, शून्य भलतीकडेच. मी म्हटलं, "बाकी सगळं इतकं चकचकीत, आणि हे असे वाकडे कोणी बसवले?"

सासरे फोनवर बोलत होते, ते उगाचच मोठ्याने बोलायला लागले. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझी जीभ जागच्या जागी थांबली. कोपऱ्यातल्या टेबलापाशी एक बाई कामात होत्या, त्या हात पुसत उठल्या.

"मी बसवले," त्या म्हणाल्या. "आणि वाकडे नाहीत. ये इकडे, दाखवते."

ही माझी आतेसासू. सासऱ्यांची धाकटी बहीण, नवऱ्याची आत्या, म्हणून माझीही आत्या. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, पण मनात ती पहिल्या दिवसापासून 'ती'च झाली. गॅरेजमध्ये तिला काटेबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याला वाटलं असेल की तो तिच्या कामाबद्दल बोलतोय, पण तिच्या जिभेलाही ते शोभायचं.

तिने त्या डायलच्या मागच्या नळीला हवेचा पंप जोडला आणि हळूहळू दाब दिला. काटा खालून सरकत वर आला आणि बरोब्बर ताठ उभा राहिला, शेंड्याशी पाच. "हा तेलाचा दाब," ती म्हणाली. "शर्यतीत गाडी पळवणाऱ्याला आकडे वाचायला वेळ असतो का? त्याचे डोळे वळणावर. खाली नजर टाकायची ती पापणी लवेपर्यंत. म्हणून मी डायलच फिरवून बसवते. सगळं ठीक असलं की काटा उभा. हा दाबाचा उभा, शेजारचा तेलाच्या तापमानाचा उभा. उभे दिसले की पळ. कलला की पाय उचल. आकड्यांचं काय करायचंय?"

मग तिने मला पुढचंही सांगितलं, कारण मी ऐकत होते आणि ऐकणारं माणूस तिला फारसं मिळत नसे. तेल थंड असताना घट्ट असतं, दाब चढा असतो, काटा उजवीकडे कललेला. तेल तापून पातळ झालं की दाब उतरतो आणि काटा हळूहळू येऊन उभा राहतो. त्याच वेळी तापमानाचा काटा डावीकडून वर चढतो आणि तोही उभा राहतो. "नवरा-बायकोसारखं आहे," ती म्हणाली. "एकाने जरा उतरायचं, एकाने जरा चढायचं, तेव्हा संसार उभा राहतो." स्वतः बिनलग्नाची राहिलेली बाई संसारावर हे असं बोलायची आणि ऐकणाऱ्याने हसावं की नाही ते त्याचं तो बघेल.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तो डॅशबोर्डचा विषय बाबांसमोर काढू नकोस."

"का?"

"आत्याच्या हातून एकदा चूक झाली होती. बाबांनी ती पोटात घातली. जुनं आहे, जाऊ दे."

मी जाऊ देणारी नाही. खाजवून खरूज काढणारी असं माझी आईच मला म्हणते.

आत्या या धंद्यात आली ती हातामुळे. त्या काळच्या स्पोर्ट्स कारमध्ये तेलाची बारीक तांब्याची नळी थेट डायलपर्यंत यायची आणि डॅशबोर्डच्या मागे जेमतेम मनगटाएवढी जागा. सासऱ्यांचा पंजा म्हणजे फावडं. म्हणून बहिणीला बोलावलं, "जरा एवढा नट आवळ गं." ते 'जरा एवढं' जन्मभर पुरलं. ती सीटवर पाठ टेकून, पाय बाहेर काढून, हात वर डॅशबोर्डमध्ये घालून तासन् तास पडून असायची आणि नुसत्या बोटांनी नट आवळायची. पक्कड लावायची नाही. पक्कड जास्त आवळते आणि डायल धरून ठेवणारा कान मोडतो. काम झालं की नटावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. नट जरा जरी हलला तरी ठिपका तडकतो आणि कळतं. तिच्या आयुष्यात नेलपॉलिशच्या कितीतरी बाटल्या संपल्या, नखाला एकदाही लागलं नाही.

स्थळं आली होती. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये नेमकं काहीतरी मोठं काम निघायचं आणि सासरे म्हणायचे, एवढं होऊ दे मग बघू. बघितलं कोणीच नाही.

मग भिंगरी आले. हे शर्यतीत गाडी पळवणाऱ्या एकाचं गॅरेजमधलं टोपणनाव. वळणावर गाडी अशी फिरवायचे की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. त्यांची गाडी आमच्या गॅरेजमध्ये तयार होत होती. एकदा सराव करून आले आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधी म्हणाले, "हे काटे कोणी उभे केले? पहिल्यांदाच मला खाली बघावं लागलं नाही." सासरे 'आम्ही' म्हणणार तेवढ्यात शेजारच्या गाडीतून बाहेर आलेले आत्याचे पाय हलले.

त्यांनी तिला विचारलं. सरळ विचारलं. "या मोसमानंतर माझी स्वतःची टीम होतेय. डायल, नळ्या, सगळं तुम्ही बघायचं. येणार का बाई?" पगार असलेली नोकरी, राहायला वेगळी खोली, गाड्यांबरोबर गावोगाव. आत्या हो म्हणाली. त्या वेळी तिचं वय असं होतं की लोक बाईला 'आता काय' म्हणायला लागतात, आणि हिचं तर आत्ता कुठे सुरू होणार होतं. तिने एक सुटकेस आणली. ती अजून तिच्या पलंगाखाली आहे. आत जुने स्वेटर असतात.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, सराव संपवून गाडी गॅरेजमध्ये आल्यावर, तिने दोन्ही डायल पुन्हा तपासले, ठिपके लावले आणि ती घरी आली. मैदानात गाड्यांच्या जागी बायकांना येऊ देत नसत. तिची बोटं तिथे चालायची, ती चालायची नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुढे होते. सुरुवातीला दाबाचा काटा उजवीकडे कललेला होता, तो तसाच असतो. थोड्या फेऱ्यांनंतर येऊन उभा राहिला, तोही नेहमी राहतो. त्यांनी पाय दाबला. पण त्या दिवशी उभा म्हणजे पाच नव्हता. कोणीतरी दोन्ही डायल फिरवून आकडे सरळ केले होते. सरळ डायलवर उभा काटा म्हणजे साडेतीन. कुठूनतरी तेल गळत होतं, काटा पाच ओलांडून खाली घसरत आला होता आणि बघणाऱ्याला म्हणत होता, सगळं ठीक आहे. लांब वळणावर इंजिन आतून फुटलं, तेल मागच्या चाकांखाली गेलं आणि गाडी भिंतीवर आदळली. भिंगरी वाचले. उजवा पाय नावापुरता उरला.

गाडीचा सांगाडा गॅरेजमध्ये आला तेव्हा आत्याने सगळ्यांत आधी डॅशबोर्डमागे हात घातला. ठिपके तडकलेले. नटांवर पकडीचे दात उठलेले.

"मी पक्कड लावत नाही," ती भावाला म्हणाली. "माझ्या बोटांना दात नाहीत."

"अपघातात घासले असतील," सासरे म्हणाले.

आणि मग लोक विचारायला लागले. गाडीला पैसा पुरवणाऱ्या कंपनीची माणसं आली, मैदानाचे अधिकारी आले. डायल कोणी बसवले होते? बहिणीने. मग सरळ का? यावर सासरे जे म्हणाले, ते त्यांनी त्या वेळी खूप विचार करून म्हटलं असेल असं मला वाटत नाही. तोंडाला आलं ते बोलले. "बाईमाणूस आहे. शेवटी नीटनेटकं दिसावंसं वाटलं असेल."

सगळ्यांना एकदम पटलं. हसलेही काही जण. आख्ख्या गॅरेजमध्ये जिने काटे वाकडे बसवायला शिकवलं, तिलाच ते सरळ दिसावेसे वाटले, हे पटायला कोणाला अडचण आली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण निदान संन्याशाला ओरडता तरी येत असेल. हिची वहिनी अंथरुणाला खिळलेली, भाचा, म्हणजे माझा नवरा, शाळेत जाणारा, आणि सगळ्यांच्या तोंडचा घास त्या गॅरेजवर. भावाने रात्रंदिवस एकच सांगितलं, गॅरेजचं नाव गेलं तर सगळे रस्त्यावर. तुझं एकटीचं काय, निभावून जाईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती गप्प बसली.

हे मला तिने सांगितलं, आणि सासऱ्यांनीही. मी त्यांना एकदा जेवणाच्या टेबलावर स्पष्टच विचारलं. नवऱ्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. सासरे मात्र चिडले नाहीत, उलट जरा सुटल्यासारखे बोलले. "आदल्या संध्याकाळी एक फोटोवाला आला होता. आतून फोटो काढायचे होते, वाकडे डायल बरे दिसेनात. मी पक्कड घेऊन सरळ केले. परत फिरवायचं राहिलं. माणूस विसरतो गं," ते म्हणाले.

"विसरलात ते कळलं. पण मग बोलला का नाहीत?"

"ती घरातलीच आहे. तिचं काय गेलं?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. मला राग आला, आणि तो राग इतकी वर्षं झाली तरी मी सांभाळून ठेवलाय. तिचं काय गेलं! नोकरी गेली, खोली गेली, गावोगाव जाणं गेलं, आणि ज्या एका कामात तिचं नाव होतं त्यात ती जन्मभर 'डायल सरळ करणारी बाई' होऊन बसली. वर दर थोड्या दिवसांनी पाहुण्यांसमोर ऐकायचं, की भावाने कशी तिची चूक पोटात घातली. पुढे पुढे तर ते सांगताना सासऱ्यांचे डोळे भरून यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणाराच रडतोय.

आत्या मात्र एका गोष्टीवर तगून होती. अपघातानंतर भिंगरी कुबड्या घेऊन घरी आले होते. हिच्यासमोर बसले, हिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "बाई, चूक माणसाकडूनच होते. मी मनात ठेवलेलं नाही." टीममध्ये अर्थातच दुसरा माणूस घेतला होता. पण हिला त्यांचं ते बोलणं एवढं भिडलं, एवढं मोठं वाटलं, की त्या मोठ्या मनापुढे आपल्या भावाचं पाप उघडं करायला तिची जीभ रेटली नाही. "पाय गेलेला माणूस मला माफ करायला आला," ती सांगायची. "असा माणूस बघितला नाही मी." आणि मग हटकून म्हणायची, "बाकी कोणाला काही वाटो. त्या एका माणसाला खरं कळायला हवं. मरायच्या आत सांगेन."

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. गाड्या बदलल्या. आता नव्या गाड्यांत काटा खरा नसतोच, कंपनीच तो मधोमध बसवून देते. काटा हलला की गिऱ्हाईक घाबरतं आणि तक्रार करतं, म्हणून आत दाब थोडाफार असला तरी काटा आपला मध्यावर शांत. आत्याने असा पहिला डायल उघडून बघितला तेव्हा खूप हसली. "हा आमचा दादा आहे बघ," मला म्हणाली. "आत काही का होईना, चेहरा मधोमध."

आणि एक दिवस भिंगरींचा फोन आला. तीच गाडी. तो सांगाडा त्यांनी विकत घेऊन ठेवला होता, आता सगळी नव्याने बांधून काढली होती. एका मोठ्या प्रदर्शनात ठेवायची होती. फक्त डायल उरलेत, ते काटेबाईंच्याच हातचे हवेत.

त्या बातमीने आत्या आठवडाभर वेगळीच होती. बोटं आता आखडायची, तर गरम पाण्यात बुडवून बसायची, कोणी बघत नाही असं वाटलं की हवेत नट आवळून बघायची. मला बोलावून म्हणाली, "उद्या सांगणार. तुझ्या नवऱ्याचं आता बस्तान बसलंय, दादाचं वय झालंय, कोणाचं काही बिघडत नाही. फक्त सांगायचं, मी नाही केलं. एवढंच. बरोबर आहे ना?"

"मी तुमच्या शेजारी उभी राहते," मी म्हटलं.

"तू बोलू नकोस. तुझं तोंड मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलरवरून गाडी उतरली. लाल, लांब, बुटकी. भिंगरी काठी टेकत आले. केस गेलेले, हसणं तेच. सासऱ्यांसाठी खुर्ची टाकली होती, दोघे गळ्यात पडले. मेकॅनिक कामं टाकून भोवती जमले. आत्या इस्त्रीचे कपडे घालून, हात पुसायची गरज नसताना हात पुसत उभी होती. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. पाठ केलेलं म्हणत होती.

भिंगरींनी खोक्यातून दोन्ही डायल काढले, फुंकर मारली आणि तिच्या हातात दिले.

"बाई, यावेळी सरळच बसवा हं," ते हसत म्हणाले. "ही आता पळायची नाही, नुसती दिसायची आहे. फोटोत वाकडे फार वाईट दिसतात. तेव्हाही मी यांना तेच म्हणालो होतो, फोटोपुरते सरळ करा म्हणून."

'यांना' म्हणताना त्यांनी काठीने सासऱ्यांच्या खुर्चीकडे दाखवलं.

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला लागले.

"तुम्ही म्हणालात?" आत्याने विचारलं.

"हो ना. फोटोवाला, मी आणि हे. हेच पक्कड घेऊन आत घुसले होते, हात मावेना." ते हसले, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "म्हणजे... तुम्हाला यांनी सांगितलं असेलच की."

"मग दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना?"

"परत फिरवले असतील असं धरून चाललो. बसल्यावर कोण आकडे बघतो? तुम्हीच तर सवय लावली होती."

"आणि घरी आलात तेव्हा? माझे हात धरलेत तेव्हा?"

भिंगरी काठीच्या टोकाने जमिनीवर काहीतरी शोधत होते. "कंपनीला कळलं असतं की मीच बदल करायला सांगितला, तर मला टीमसाठी पुन्हा कोणी पैसा दिला नसता. तुम्हाला तसंही... तुमचं घरचंच गॅरेज होतं." मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही अजून ते मनात ठेवलंय?"

मी बोलणार होते. आत्याने माझं मनगट धरलं. त्या आखडलेल्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"इतकी वर्षं," ती त्यांना म्हणाली, "मी तुमच्या मोठ्या मनाला भीत होते."

सासरे चष्मा पुसतच होते. एक मेकॅनिक हळूच आपल्या कामाला गेला, त्याच्यामागे बाकीचे.

मला वाटलं ती डायल त्यांच्या पायाशी टाकून निघून जाईल. मी असते तर टाकले असते. ती सीटवर आडवी झाली, पाय बाहेर काढले आणि हात डॅशबोर्डमध्ये घातला. मी बाहेरून बॅटरी धरून होते. तिला वेळ लागला. एक नट दोनदा सुटून पडला, तिने तो चाचपून पुन्हा उचलला. दोन्ही डायल सरळ बसले. आकडे सरळ, शून्य आपल्या जागी, दोन्ही काटे तळाला पडलेले.

मी टेबलावरून नेलपॉलिशची बाटली आणून तिच्या हातात दिली. ती गाडीबाहेर आली, उभी राहायला मला धरावं लागलं. झाकण अर्धं उघडून तिने ते पुन्हा घट्ट लावलं.

"आत्या, ठिपका?"

"तो मी माझ्या कामावर लावते," ती म्हणाली. मग फोटो काढायला भिंगरींना गाडीत बसायचं होतं, म्हणून ती बाजूला झाली.